ओठ न हलवता ‘मामा’ कसं म्हणायचं? हौशी शब्दभ्रमकारासाठी सविस्तर मार्गदर्शन

शब्दभ्रम, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करण्याचा खेळ, शिकायचा म्हटलं की बहुतेक जण आधी बाहुला घेतात. मग त्याला आवाज शोधतात, मग आरशासमोर ओठ दाबून उभे राहतात, आणि कार्यक्रम तोंडावर आला की बोलायचं काय याची शोधाशोध सुरू होते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी बाहुला कोण आहे ते ठरवा, मग त्याचे संवाद लिहा, मग ओठ, मग हात. प्रत्यक्ष बाहुला सगळ्यात शेवटी घेतला तरी चालतो. मराठीत बोलणाऱ्याने तर हा क्रम जरूर पाळावा, कारण ओठांची निम्मी अडचण आपल्याला कागदावरच मोडीत काढता येते.

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू. आवाज पोटातून येत नाही आणि लांब फेकलाही जात नाही. तो नेहमीसारखाच गळ्यातून निघतो आणि तुमच्याच तोंडातून बाहेर पडतो. फसतो तो बघणाऱ्याचा मेंदू. आवाज नेमका कुठून आला हे ठरवताना मेंदू कानापेक्षा डोळ्यांचं जास्त ऐकतो. जिथे हालचाल दिसते तिथूनच आवाज आला असं ठरवून मोकळा होतो. सिनेमागृहात ध्वनिक्षेपक भलतीकडे असतात, तरी संवाद नटाच्या तोंडूनच ऐकू येतो, तो याच कारणाने. मानसशास्त्रात या परिणामाला शब्दभ्रमाचंच नाव आहे. म्हणजे आपल्याला दोन गोष्टी सांभाळायच्या: आपले ओठ स्थिर, आणि बाहुल्याचं तोंड अगदी वेळेवर हलतं. यातली दुसरी गोष्ट पक्की असेल तर पहिलीतल्या बारीकसारीक चुका खपतात.

याचा सगळ्यात मजेशीर पुरावा म्हणजे अमेरिकेतले एडगर बर्गन. त्यांचा चार्ली मॅकार्थी हा बाहुला 1937 ते 1956 इतकी वर्षं गाजला, तो चक्क रेडिओवर! रेडिओवर ओठ कुणाला दिसणार? बर्गन यांचे ओठ हलतात हे जगजाहीर होतं आणि त्यावरून चार्लीच त्यांची टर उडवायचा. लोक ऐकत होते ते चार्लीचा फटकळपणा.

बाहुला आहे तरी कोण?

एक माणूस आणि त्याच्या मांडीवर एक आगाऊ पोरगा, ही आज आपल्या ओळखीची जोडी रूढ केली ती ब्रिटनमधल्या फ्रेड रसेल यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यांच्या बाहुल्याचं नाव कोस्टर जो. त्याआधी बरेच कलाकार बाहुल्यांची रांग मांडून एकेकाला बोलतं करत. एकच बाहुला आला तशी खरी जुगलबंदी सुरू झाली. आपल्याकडे यशवंत पाध्ये यांनी अर्धवटराव उभा केला आणि रामदास पाध्ये यांनी त्याला पुढच्या पिढ्यांपर्यंत नेलं. अर्धवटराव म्हटल्यावर आठवतो तो त्याचा तोरा. तो कशाचा बनवलाय हे कुणी विचारत नाही.

आगाऊ पोरगा चालतो, कारण जे तुम्ही बोलू शकत नाही ते तो बेधडक बोलतो. पण तो आता फार वापरून झालाय असं माझं मत. त्याच्याऐवजी उगाच काळजी करणारा म्हातारा घ्या, प्रत्येक वाक्याला शंका काढणारी शाळकरी मुलगी घ्या, किंवा स्वतःला मोठा गवई समजणारा पक्षी घ्या. ठरवताना तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. त्याला या क्षणी काय हवंय? तुमच्याबद्दल त्याचं मत काय? आणि तो तुम्हाला काय म्हणून हाक मारतो?

तिसरा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. बाहुला तुम्हाला ‘अरे’ म्हणाला की एक नातं, ‘अहो’ म्हणाला की दुसरं. एकेरीवर येणारी शाळकरी मुलगी हसवते. पण तीच मुलगी सगळं ‘अहो काका, असं नसतं हो’ अशा आदराने बोलून तुमची फजिती करत असेल तर जास्त हसवते. नातं ठरलं की विनोद शोधावे लागत नाहीत, ते भांडणातून आपोआप निघतात. कोट्यांची यादी पाठ करून घेतलेला बाहुला पाच मिनिटांत कंटाळवाणा होतो.

नाव ठेवताना मात्र एक पथ्य: त्यात ओठ मिटणारं अक्षर नको. चंदू, गोट्या, तात्या, ठकी, शेखर ही नावं बाहुला स्वतः झोकात सांगू शकतो. बापू, पमी, भीमा यांना स्वतःची ओळख करून देतानाच घाम फुटेल.

एक ओळ वर सरका

आता मुख्य अडचण. वर्णमालेत वर्गांची शेवटची ओळ प, फ, ब, भ, म. ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरं होत नाहीत. तिच्या लगेच वरची ओळ त, थ, द, ध, न. ही जिभेने दातांवर होते, ओठांचं काही काम नाही. शब्दभ्रमकार करतो ते एवढंच, की एक ओळ वर सरकतो. प च्या जागी त, फ च्या जागी थ, ब च्या जागी द, भ च्या जागी ध आणि म च्या जागी न. ज्यांनी वर्णमाला रचली त्यांनी आपलं काम करून ठेवलंय. दोन्ही ओळींत महाप्राण (हवेचा झोत), घोष (गळ्यातला नाद), अनुनासिक (नाकातला सूर) हे गुण एकाखाली एक तंतोतंत बसलेले असल्यामुळे बदली अक्षर मूळ अक्षराच्या बरंच जवळ जातं.

राहिला व. त्यात खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण स्पर्श हलका असतो. ‘उअ’ पटकन म्हटलं, ओठ न गोल करता, की व्यवस्थित भागतं. ‘फोन’मधला फ अनेकांच्या बोलण्यात दातांवर ओठ टेकवून येतो, तिथे हवा जास्त सोडलेला सैल थ वापरा.

आता ही बदली करून पाहा. ‘पाऊस पडतोय’ चं झालं ‘ताऊस तडतोय’. हसू येईल, पण वाक्य ओघात, बाहुल्याच्या आवाजात आलं तर ऐकणाऱ्याला ‘पाऊस’च ऐकू येतो, कारण ‘ताऊस’ हा शब्द त्याच्या रोजच्या भाषेत नाही. मेंदू दुरुस्ती करून घेतो. ‘म्हणजे’ चं ‘न्हणजे’, ‘प्रश्न’ चं ‘त्रश्न’, ‘तुम्ही’ चं ‘तुन्ही’, हे सगळं खपतं.

खपत नाही ते दुसरीकडे. ‘मामा’ चं होतं ‘नाना’. ‘बाबा’ चं होतं ‘दादा’. बाहुल्याला सांगायचं असतं ‘बाबा आले’, लोकांना ऐकू येतं ‘दादा आले’, आणि दोन्ही वाक्यं तितकीच खरी वाटतात. मेंदूला दुरुस्ती करायला कारणच उरत नाही. पास आणि तास, पान आणि तान, मळ आणि नळ, भार आणि धार, माग आणि नाग, बंड आणि दंड, या सगळ्या अशाच फसव्या जोड्या. म्हणून संहिता तपासताना नियम एकच ठेवा: एक ओळ वर सरकवल्यावर जो शब्द तयार होतो, तो खरोखरचा शब्द आहे का, आणि या वाक्यात तो अर्थाने बसतो का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर शब्द बदला. नाहीतर बिनधास्त ठेवा. प्रत्येक ओष्ठ्य, म्हणजे ओठांवरचं, अक्षर हुडकून काढत बसलात तर बाहुला परग्रहावरून आल्यासारखा बोलू लागेल.

मराठीतली सगळ्यात मोठी गोची वेगळीच आहे. मी, मला, माझं, आम्ही, आपण: स्वतःबद्दल बोलायचे झाडून सगळे शब्द ओठांवरचे! आणि बाहुल्यासारखा आत्मकेंद्री प्राणी दुसऱ्या कुणाबद्दल बोलणार? सुदैवाने सुटकाही मराठीतच आहे. आपलं क्रियापद कर्ता पोटात घेऊन येतं. ‘जातो’, ‘येईन’, ‘सांगू का?’, ‘ऐकलंय सगळं’ यांना ‘मी’ लागत नाही. शिवाय बाहुला स्वतःचा उल्लेख नावानेच करू शकतो. ‘चंदू असलं काही ऐकणार नाही’ हे ‘मी असलं काही ऐकणार नाही’ पेक्षा ऐटदारही वाटतं. दोन क्रियापदांमधला ‘मी’ तुटक ‘नी’ म्हणून गेला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. वाक्याच्या सुरुवातीला, जोर देऊन म्हणायचा ‘मी’ तेवढा टाळा.

एक नमुना घेऊ. पहिला खर्डा असा:

‘मामा, मला पण तुमच्याबरोबर बाहेर फिरायला यायचंय. माझा अभ्यास पूर्ण झालाय.’

तोच मजकूर ओठ बाजूला ठेवून:

‘काका, चला ना कुठेतरी! इथे कंटाळा आला. सगळं लिहून झालंय, खोटं नाही सांगत.’

दुसऱ्यात एकही ओष्ठ्य व्यंजन नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो एखाद्या पोराने बोलल्यासारखा वाटतो. असं बऱ्याचदा होतं. ओठ टाळण्यासाठी वाक्य मोडलं की जड शब्द गळतात आणि तोंडचे शब्द येतात. ‘लांब’ ऐवजी ‘दूर’, ‘आवडलं नाही’ ऐवजी ‘छे, काहीतरीच’. छापील कागदावर लाल पेनने प वर्गाच्या अक्षरांभोवती गोल करा. ज्या ओळीत गोलांची गर्दी दिसेल ती ओळ नव्याने लिहा.

जो अवघड शब्द टाळताच येत नाही, तो आधी तुम्ही म्हणा. तुम्ही विचारायचं, ‘कोण, पोपट?’ बाहुल्याने म्हणायचं, ‘हो, तोतट!’ तुमच्या तोंडून शब्द नुकताच कानावर पडलेला असल्याने समोरच्याला ‘पोपट’च ऐकू येतो. ही युक्ती वाचताना पोरकट वाटते, प्रत्यक्षात कमालीची चालते. एकदा ती हातात आली की बाहुल्यालाच तुम्हाला डिवचू द्या: ‘आता ‘भोपळा’ शब्द घ्या, जड जाईल तुन्हाला.’ अर्थात, हे आव्हान सराव झाल्यावरच.

ओठांची तालीम

ओठ घट्ट मिटून बोलणारा माणूस गुळणी धरल्यासारखा दिसतो. ओठ किंचित विलग ठेवा, वरचे आणि खालचे दात जेमतेम टेकतील न टेकतील असे, आणि चेहरा दुसऱ्याचं बोलणं कौतुकाने ऐकताना असतो तसा. जबडा दुखायला लागला तर समजा, दात आवळताय. आतली जीभ मात्र मोकळी हवी. सगळं काम तिचंच आहे.

सुरुवात अ, आ, इ, ई, ए या स्वरांनी करा. मग कवर्ग, मग चवर्ग, टवर्ग, तवर्ग. इथवर फारसा त्रास नाही. मग बदलीची ओळ. इथे बारकावा असा की नेहमीचा खणखणीत द म्हणायचा नाही. खरा ब बोथट असतो, द टोकदार. तो बोथटपणा आणायला जिभेचं टोक न वापरता पुढचा पसरट भाग वरच्या दातांच्या मागे मऊ टेकवा, थोडा दाब धरा आणि झटका न देता सोडा. मनात सतत ‘ब’च म्हणत राहा. हे ऐकायला भोंदू वाटेल, पण मनात मूळ अक्षर धरलं की दाब आणि वेळ आपसूक त्याच्याजवळ जातात. ‘दादा’ आणि बदलीचा ‘बाबा’ पाठोपाठ म्हणून रेकॉर्ड करा. दोन्हींत फरक ऐकू येऊ लागला की वाट सापडली.

स्वरांकडे फार लोक दुर्लक्ष करतात. उ, ऊ, ओ, औ यांना ओठ गोल होतात, आणि आपली निम्मी क्रियापदं ‘तो’वर संपतात. जातो, येतो, सांगतो, प्रत्येक ठिकाणी ओठांची चंबू झाली तर सगळं उघडं पडेल. यासाठी एक व्यायाम: नेहमीसारखा लांब ‘ओ’ लावा. आवाज न तोडता ओठ हळूहळू स्मितासारखे पसरवा. स्वर बदलून पसरट होऊ लागेल. आता जीभ मागे ओढा, गळ्याची घाटी किंचित खाली जाऊ द्या, आणि स्वर पुन्हा ‘ओ’कडे आणा. गोल ओठ तोंडाची नळी लांब करतात म्हणून ‘ओ’ खोल वाटतो. तीच लांबी आपण मागच्या बाजूने मिळवतोय.

आरसा सुरुवातीला हवाच. नंतर मात्र त्याचा नाद सोडा, कारण आरशात तुम्ही स्वतःकडे बघायला शिकता, आणि प्रयोगात बघायचं असतं बाहुल्याकडे. त्यापेक्षा मोबाइल तिरका ठेवून व्हिडिओ घ्या. समोरून न दिसणारी ओठांची थरथर बाजूने दिसते. दुसरी चाचणी फक्त आवाजाची. कुठल्याही बातमीचा परिच्छेद ओठ न हलवता वाचून रेकॉर्ड करा आणि ज्याने तो वाचलेला नाही अशा कुणाला तरी ऐकवा. जे शब्द त्याला कळले नाहीत ते पुढच्या काही दिवसांचा अभ्यास. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. आठवड्यातून एकदा दोन तास बसलात तर फक्त जबडा दमतो.

दुसरा आवाज

नवखा माणूस बाहुल्यासाठी आवाज नुसता उंच करतो. उंची हा फरकाचा एकच धागा झाला. वेग बदला, सूर नाकात न्या किंवा घशामागे, थोडी घरघर घाला, वाक्याचा शेवट वर उचला. तुम्ही सावकाश बोलत असाल तर बाहुल्याने घाई करावी. दोन आवाज इतके वेगळे हवेत की शेजारच्या खोलीतल्या माणसाला दोघं जण भांडतायत असं वाटावं. आणि आवाज असा निवडा जो पंधरा मिनिटं टिकेल. घसा खवखवला की तिथेच थांबा, पाणी प्या, उद्या पुन्हा. खरखरीत आवाज ओढून काढत राहणं घशाला महागात पडतं.

बाहुला निवडताना

शिकायला मोजा पुरतो. शारी लुईस यांचं लँब चॉप हे गाजलेलं कोकरू मूळचं मोज्याचंच. सेन्योर वेन्सेस हे स्पॅनिश कलाकार तर स्वतःच्या मुठीवर ओठ रंगवून, वर केसांचा टोप ठेवून जॉनी नावाचा पोरगा उभा करत, आणि तो जगभर चालला.

मऊ बाहुला म्हणजे फोम आणि कापडाचा. तुमची बोटं त्याच्या वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या जबड्यात. हलका, स्वस्तात होणारा, चेहरा चुरगाळून हावभाव करणारा. कडक बाहुला म्हणजे लाकूड, कागदाचा लगदा किंवा फायबरग्लासचं डोकं, पोकळ धड, आणि धडात डोक्याला जोडलेली दांडी. दांडीवर कळा असतात. एक जबड्याची, एक डोळ्यांची, हौस असेल तर भुवया, पापण्या, कानसुद्धा. लाकडी बाहुले घडवणाऱ्यांत शिकागोचे फ्रँक मार्शल आणि इंग्लंडचे लेन इन्सल यांची नावं संग्राहक आजही आदराने घेतात. माझा सल्ला विचाराल तर पहिला कडक बाहुला दोनच कळांचा घ्या. भुवया उडवण्यात अंगठा गुंतला की जबडा उशिरा हलतो, आणि आपण सुरुवातीला पाहिलंच, तो उशीर सगळा खेळ मोडतो.

वापरलेला कडक बाहुला विकत घेत असाल तर डोकं धडातून बाहेर काढायला सांगा आणि कानाजवळ धरून जबड्याची कळ दाबा. ‘टक’ आवाज येत असेल तर जबडा मिटताना लाकूड लाकडावर आपटतंय; आतून नमद्याचा किंवा चामड्याचा छोटा तुकडा चिकटवला की तो बंद होतो. मग कळ अगदी हळू सोडा. जबडा शेवटपर्यंत मिटतो की अर्धवट लोंबकळतो? लोंबकळत असेल तर स्प्रिंग किंवा रबर थकलंय. ते बदलता येतं. जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का बघा. एका बाजूला घासून रंग उडाला असेल तर आतला आस वाकडा बसलाय, आणि हे दुरुस्तीचं काम किचकट. डोळ्यांची कळ सोडल्यावर बुबुळं स्वतःहून मधे आली पाहिजेत. शेवटी बाहुला मांडीवर घेऊन दहा मिनिटं नुसता धरून बसा. साधारण तीन ते साडेतीन फुटी बाहुल्याचं डोकं सुरुवातीला हलकं वाटतं, नंतर मनगट सांगतं ते खरं.

चेहऱ्याचा रंग चमकदार नको. दिव्याखाली कपाळ लकाकलं की डोळे हरवतात.

हात

बाहुल्याचं तोंड स्वरावर उघडतं आणि अक्षर संपलं की मिटतं. एवढा एकच नियम, पण नवख्यांचे हात हमखास उलटं करतात: आवाज निघताना तोंड मिटतं, जणू तो शब्द चावतोय. ‘एक, दोन, तीन, चार’ मोजा, प्रत्येकाला एकदाच उघडा. मग ‘अकरा’: दोनदा, ‘अक्’ ला थोडं आणि ‘रा’ ला मोठं. आ ला पूर्ण, इ ला जेमतेम. वेगाने बोलताना प्रत्येक अक्षराला उघडायचा हट्ट नको, आघाताच्या अक्षरांवर उघडलं तरी पुरतं. मऊ बाहुल्यात वरची बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्या. बोटं वर उचललीत तर प्रत्येक अक्षराला डोकं मागे फेकलं जातं. सरावासाठी रेडिओ लावा आणि निवेदकाचं बोलणं बाहुल्याच्या तोंडी द्या. तुमचा आवाज मधे नसल्यामुळे लक्ष सगळं हातावर राहतं.

बोलणं जमलं की गप्प बसणं शिका. हे जास्त कठीण आहे. बाहुला बोलायचा थांबला की नवख्याचा हातही थांबतो आणि मांडीवरचा पोरगा क्षणात लाकूड होतो. यासाठी मला आवडणारी तालीम अशी: दोन मिनिटं तुम्ही एकटेच बोला, बाहुला एक शब्दही बोलणार नाही. त्या दोन मिनिटांत त्याने ऐकायचं. तुमच्याकडे बघायचं, कंटाळून दुसरीकडे बघायचं, एखादा शब्द खटकला की मान हळूच तुमच्याकडे वळवायची आणि तिथेच ठेवायची. श्वासासाठी दांडी किंचित वर-खाली. हालचाल थोडी, पण प्रत्येक हालचालीला कारण हवं. सतत डुलणारा बाहुला दहा मिनिटांत डोळ्यांना नकोसा होतो.

त्याची नजर तपासा. बहुतेक नवख्यांचे बाहुले छताकडे बघत असतात, कारण मनगट नकळत मागे झुकतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर मोबाइल ठेवा, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि बाहुला त्याच्याकडे बघतोय का ते व्हिडिओत पाहा.

आणि तुम्ही? तुमचं काम अर्धं अभिनयाचं. स्वतः बोलताना ओठ स्वच्छ, थोडे जास्तच हलवा, म्हणजे फरक ठसतो. बाहुला बोलताना त्याच्याकडे बघा, पण तो बोलायच्या आधीच नव्हे. समोरचा अचानक बोलला की आपण वळतो, तसं. त्याच्या वाक्यावर तुमचा चेहरा बदलू द्या: राग, शरम, हसू आवरणं. अवघड अक्षर येतंय असं वाटलं की नेमकं त्या क्षणी त्याची मान झटकन वळवा. सगळे डोळे तिकडे जातात. एकमेकांना तोडून बोलण्याचा सरावही करा. तुमचं वाक्य अर्ध्यावर असताना बाहुला घुसला पाहिजे, मधे श्वासाएवढीही फट न ठेवता. दोन माणसं असल्याची खात्री प्रेक्षकांना तिथेच पटते.

पहिला प्रयोग

पाच मिनिटं खूप झाली. माइक स्टँडवर, तुमच्या आणि बाहुल्याच्या मधे ठेवा, हनुवटीच्या खाली. तोंडासमोर धरलात तर ओठ लपवताय अशी शंका येणारच. लहान मुलं समोर असतील तर बाहुला घेऊन त्यांच्याजवळ जाऊ नका. टक लावून बघणारा चेहरा काहींना खरोखर भिववतो. बाहुल्यालाच आधी लाजू द्या, तुमच्या खांद्यामागे तोंड लपवू द्या. मग मुलंच त्याला बोलवायला लागतात.

प्रयोगानंतर बाहुला डोक्याला धरून लटकवू नका, दांडीच्या सांध्यावर ताण येतो. डोकं धडातून काढून मऊ पिशवीत, जबडा मिटलेला. लाकडाला ओल आणि कडक ऊन दोन्ही वाईट. रंगाला चिरा पडतात. नीट ठेवलेलं डोकं किती टिकतं हे बघायचं असेल तर अमेरिकेत केंटकीतल्या फोर्ट मिचेलला व्हेंट हेवन नावाचं संग्रहालय आहे. डब्ल्यू. एस. बर्गर या हौशी माणसाने 1910 पासून जमवलेल्या बाहुल्यांतून ते उभं राहिलं आणि 1973 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. शब्दभ्रमाला वाहिलेलं सबंध संग्रहालय, तेही एका छंदिष्टाचं!

शेवट पेटीने करा. बाहुला पेटीत जायला नकार देतो, तुम्ही त्याला कोंबता, झाकण लावता, आणि आतून त्याची बडबड चालूच. वेन्सेस यांनी तर पेटीत नुसतं डोकं ठेवून त्याच्याशी गप्पा मारल्या. हा कोंडलेला आवाज काढायला जिभेचं मूळ मागे ओढा, घसा थोडा आवळा, जड वजन उचलताना निघतो तसा कण्हणारा ‘अं’ लावा आणि त्यातच शब्द बोला. आवाज आपोआप दूर आणि बुजलेला होतो. घशावर ताण येतो, म्हणून एका वेळी दोन-तीन वाक्यांपुरताच. खरी मौज झाकणाच्या वेळेत आहे. झाकण उघडलं त्याच क्षणी आवाज मोकळा, लावलं त्याच क्षणी बंद. हात आधी आणि आवाज मागून असं झालं तर हशा जातो, म्हणून झाकण उघडायची कारणंही संवादातच लिहून ठेवा: एकदा चष्मा आत राहिला, एकदा उत्तर द्यायचं राहिलं, आणि तिसऱ्यांदा बाहुल्यानेच सांगितलं, ‘काका, दुसऱ्याच्या घरात डोकावताना आधी टकटक करा.’